घाटघरच्या वरचा फॉल्ट

परदेशी नियतकालिकं आमच्या ग्रंथालयात बोटीने येत. त्यामुळे विज्ञानातल्या ताज्या बातम्या आम्हाला शिळ्या होऊनच मिळत, आणि आम्ही त्या ताज्या समजून वाढून घेत असू. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती. मी पुण्यात भूभौतिकशास्त्र शिकत होतो आणि एका दुपारी अशाच एका शिळ्या अंकात मला ते चित्र दिसलं.

अमेरिकेतल्या एका वाळवंटात भूकंप झाला होता, त्याचं ते चित्र. काळ्यापांढऱ्या डोंगरांवर इंद्रधनुष्याच्या रंगांचे पट्टे, एकाला एक लागून, लाकडाच्या ओंडक्यातल्या वलयांसारखे. जिथे जमीन फाटून सरकली त्या रेघेजवळ पट्टे इतके दाट की रंग वेगळे काढता येऊ नयेत, आणि लांब जावं तसतसे विरळ. खाली लिहिलं होतं की एक पट्टा म्हणजे जमिनीची सुमारे तीन सेंटीमीटर हालचाल. बोटाच्या एका पेराएवढी. आणि हे मोजलं होतं आठशे किलोमीटर उंचीवरून, रडारने, तिथे एकही माणूस न पाठवता.

मी तो अंक घेऊन तीन मजले खाली धावलो आणि जो भेटेल त्याला दाखवत सुटलो. एका प्राध्यापकांनी चष्मा वर करून पाहिलं आणि कापड छान आहे म्हणाले. ग्रंथपालांनी अंक बाहेर नेल्याबद्दल झापलं. दोघांचंही मला काही वाटलं नाही. आतापर्यंत आम्ही भूकंप म्हणजे कागदावर थरथरलेली एक रेघ एवढंच ओळखत होतो. जमीन नेमकी कुठे, किती आणि कोणत्या बाजूला गेली हे असं अंगभर उमटलेलं कुणी पाहिलं नव्हतं.

त्याच सुमारास किल्लारी झालं. तिथल्या पिकांनी झाकलेल्या रानाची जोडी लागेल अशी आधीची आणि नंतरची रडारचित्रं आमच्या हाती लागली नाहीत. ही जोडी फार महत्त्वाची. उपग्रह एका जागेवरून एकदा जातो, महिना-सव्वा महिन्याने पुन्हा बरोबर त्याच वाटेने येतो. दोन्ही वेळच्या चित्रांची वजाबाकी केली की मधल्या काळात जमीन जेवढी उपग्रहाच्या जवळ आली किंवा दूर गेली तेवढे रंगांचे पट्टे उरतात. काहीच हललं नसेल तर एकच रंग उरतो. निदान तसा उरायला हवा.

दशक संपता संपता मला एका संशोधन संस्थेत नोकरी लागली आणि हेच काम मिळालं. आमच्या प्रमुखांना सगळे साहेब म्हणत, मीही म्हणतो. साहेब हुशार होते, कामाला वाघ होते, पण त्यांना व्यासपीठाचा भारी मोह होता. दोन खुर्च्या आणि एक टेबल दिसलं की ते आपोआप मधल्या जागी जाऊन उभे राहत. त्यांनी ठरवलं की जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांतली धरणं भरतात-उतरतात तेव्हा भोवतालची जमीन लवते का ते पाहायचं. पाण्याच्या वजनाने जमीन कुरकुरते ही भीती किल्लारीनंतर सगळ्यांच्याच मनात होती.

हैदराबादच्या केंद्रातून उपग्रहाच्या टेपा आल्या. आमचा संगणक एका वजाबाकीला अख्खा दिवस घेई आणि मधेच रुसे. पण पहिलं चित्र पडद्यावर वरून खाली एकेक ओळ उतरायला लागलं तेव्हा मी खुर्चीत बसू शकलो नाही. शिवनेरी ओळखू आला. धरणांचं पाणी शाईसारखं काळं. कातळ अगदी स्वच्छ, कारण कातळ महिनाभराने परत पाहिला तरी तोच असतो. झाडी मात्र रडारला ओळख देत नाही, पान हललं की ओळख पुसली. त्यामुळे आहुप्याची देवराई चित्रात बाजरी सांडल्यासारखी नुसती कणाकणांची दिसत होती. लोक पिढ्यान्‌पिढ्या तिथल्या फांदीला हात लावत नाहीत, आणि रडारलाही तिथे हात टेकता आला नाही, याचा मला उगाच आनंद झाला.

मग चित्र पश्चिमेला सरकलं आणि घाटघरच्या वर, नाणेघाटाच्या अंगाला, कड्यालगत चार रंगीत पट्टे उतरले. एकाला एक लागून.

खोटं कशाला सांगू, काही क्षण मला ते अमेरिकेतलं वाळवंट माझ्याच पडद्यावर आल्यासारखं वाटलं. मग मी डोंगराचा नकाशा शेजारी धरला. पट्टे डोंगराच्या उंचीप्रमाणे वळत होते. जिथे डोंगर चढतो तिथे रंग बदलतो, जिथे सपाटी तिथे रंग थांबतो. जोडीतलं एक चित्र जानेवारीतलं होतं, कोरड्या हवेचं. दुसरं मेअखेरचं, कोकणातून वर येणारी वाफ कड्याला धडकत असते त्या दिवसांतलं. ओल्या हवेतून रडारची लहर किंचित सावकाश जाते, आणि यंत्राला वाटतं की जमीनच दूर गेली. म्हणजे हे पट्टे जमिनीचे नसून वाफेचे असण्याचीच शक्यता जास्त. मी साहेबांना तसं सांगितलं. त्यांनी मान हलवली. साहेबांची मान हलणं म्हणजे ऐकल्याची खूण, पटल्याची नव्हे.

जुन्नरला एका सभागृहात आमच्या प्रकल्पाचा कार्यक्रम झाला. पत्रिकेवर ‘प्रस्तरभंग : एक चिंतन’ असं छापलं होतं; प्रस्तरभंग म्हणजे फॉल्ट, जमिनीखालच्या खडकातली सरकलेली चीर. सरपंच होते, शिक्षक होते, वीज आणि बांधकाम खात्यांचे अधिकारी होते. वरचा पंखा चालू असल्यामुळे समई पेटत नव्हती, आणि पंखा बंद करायचं कुणाला सुचत नव्हतं. शेवटी एका काडीभोवती पाच मान्यवरांनी ओंजळी धरल्या. सूत्रसंचालकाने उपग्रहाला अवकाशातला तिसरा डोळा म्हटलं. शाली झाल्या, नारळ झाले, आणि साहेबांनी लाल ठिपक्याची कांडी घेऊन माझे चार पट्टे भिंतीवर दाखवले. घाटघरच्या वरच्या वाडीत गेल्या वर्षी जमिनीला भेग पडली होती हे त्यांना तिथेच एका सरपंचाकडून कळलं होतं. ते त्यांनी लगेच भाषणात घेतलं. लाल ठिपका भेगेवरून फिरवत ते म्हणाले की इथून एक फॉल्ट जात असावा. चित्र माझं होतं, वाक्य त्यांचं.

दुसऱ्या दिवशी स्थानिक पेपरात ‘असावा’ गळून ‘जातो’ झालं. आणि आठवड्याभरात वाडीला मंजूर झालेले विजेचे खांब थांबले. ज्या जमिनीत फॉल्ट आहे तिथे खांब पुरायचे कसे, असा कुणीतरी शेरा मारला. हे मला कळलं तेव्हा मी वाडीत जायचं ठरवलं. निदान भेग तरी आपल्या डोळ्यांनी पाहावी.

घाटघरपर्यंत एसटी जाते, पुढे चढ. पायथ्याशी सिमेंटचे खांब गवतात आडवे पडले होते आणि त्यांच्यावर शेळ्या उन्हं खात बसल्या होत्या. वर गेलो तर पहिल्याच घराच्या ओट्यावर एक बाई नाचणी पाखडत बसल्या होत्या. साठीच्या असतील. पुढे मी त्यांना मावशी म्हणू लागलो. त्यांनी कुठून आलात, कशाला आलात विचारलं. मी सरळ उत्तर दिलं की फॉल्ट शोधायला आलोय.

त्यांनी सूप खाली ठेवलं. मला नखशिखांत पाहिलं. मग आत वळून कुणालातरी सांगितलं, “अगं, वायरमन आलाय. फॉल्ट शोधतोय म्हणं.” आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, “भाऊ, खांब खाली निजल्यात. तार न्हाई, बलप न्हाई. लाईटच न्हाई तर फॉल्ट कुठनं येनार? आदी लाईट द्या, मग शोधा की निवांत.”

माझ्या ध्यानात यायला थोडा वेळ लागला. ह्या भागात फॉल्ट एकच असतो: तार तुटते, डीपीतला फ्यूज जातो, गाव अंधारात बसतं, आणि वायरमन फॉल्ट काढायला येतो. साहेबांच्या फॉल्टची इथे ओळखच नव्हती. मी मावशींना जमिनीखालच्या खडकांची सगळी गोष्ट सांगितली. खडक तुटलेला असतो, त्याच्या दोन बाजू एकमेकींवर सरकतात, त्याने भूकंप होतो. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग एवढंच विचारलं की हा तुमचा फॉल्ट निघाला तर खांब येणार का. मी म्हणालो, नाही, तो नाही असं निघालं तर येतील. यावर त्यांनी सूप उचललं आणि पाखडलेलीच नाचणी पुन्हा पाखडली. न निघालेल्या फॉल्टमुळे लाईट येते, हे त्यांच्या आयुष्यातल्या सगळ्या अनुभवाच्या उलटं होतं.

त्यांना लाईट कशाला हवी होती ते ओट्याच्या कोपऱ्यात दिसत होतं. गोणपाटात गुंडाळलेली पिठाची गिरणी. खांब मंजूर झाल्याचं कळल्याबरोबर त्यांनी जुनी गिरणी आणि मोटर घेऊन ठेवली होती. वाडीतल्या बाया दळण डोक्यावर घेऊन घाटघरला उतरत आणि पीठ घेऊन चढत. मावशींचे गुडघे आता उतरायला तयार होत, चढायला नाही. गिरणी इथे चालली की वाडीचं दळण इथेच, आणि मावशींना बसल्या जागी काम. दसऱ्याला त्या गिरणीला झेंडूची माळ पडली होती. सुकलेली माळ अजून तशीच होती. पूजा होऊन गेली, दाणा अजून पडला नव्हता.

भेग मी पाहिली. वाडीच्या मागे, वरकस, हलक्या जमिनीच्या रानात, लाल मातीतली. वाडीतल्या दोघांनी कुदळ-फावडं घेतलं आणि आम्ही ती खणली. कमरेएवढ्या खोलीवर माती संपली, खाली काळा कातळ लागला, आणि कातळावर केसाएवढीही चीर नव्हती. पावसात फुगलेली आणि उन्हाळ्यात आकसलेली माती उतारावर जरा घसरली होती, एवढाच प्रकार. माझं मन तिथेच निवांत झालं असतं. पण फॉल्ट खड्ड्यातून आला नव्हता, वरून आला होता. उपग्रहाने आणलेला फॉल्ट उपग्रहानेच परत न्यायला हवा होता.

पुण्याला आल्यावर मी आंबेगावकडचा तुकडा पुन्हा काढला. आहुप्याजवळच्या कड्यावर, तेवढ्याच उंचीला, तसेच पट्टे होते. तिथे भेग नाही, तक्रार नाही, काही नाही. वाफेचा याहून चांगला पुरावा कोणता, म्हणून मी धावत साहेबांकडे गेलो. साहेबांनी दोन्ही तुकडे शेजारी ठेवून पाहिले आणि त्यांचा चेहरा उजळला.

“म्हणजे हा फॉल्ट थेट आहुप्यापर्यंत जातो?” ते म्हणाले.

फॉल्ट लांबला की निबंधही लांबतो, हे मी विसरलो होतो. माझ्या उत्साहाने आता दुसरंही गाव गोत्यात यायची वेळ आली होती. मी खाली बसलो आणि साहेबांना एक प्रयोग सुचवला. भेगेच्या अलीकडे एक आणि पलीकडे एक असे दोन धातूचे परावर्तक बसवायचे. तीन त्रिकोणी पत्रे काटकोनात जोडलेले, खोलीचा कोपरा कापून आणावा तसे. रडारची लहर त्यात शिरली की जशी आली तशी परत जाते, आणि चित्रात तिथे चांदणीसारखा ठिपका उमटतो. दोघे एकाच उंचीवर आणि जवळजवळ असल्याने वाफ असली तरी दोघांनाही सारखीच. भेग खरोखर उघडत असेल तर दोन ठिपक्यांतला फरक बदलेल, नाहीतर नाही. साहेबांना परावर्तक आवडले. ते फोटोत छान दिसणार होते.

घाई एका गोष्टीची होती. मार्चअखेर आली की मंजूर खांब दुसरीकडे वळवतात, आणि वाडीला पुन्हा पहिल्यापासून रांगेत उभं राहावं लागतं. तालुक्याची बैठक मार्चच्या शेवटच्या आठवड्यात होती. डिसेंबर सुरू होता. त्या आधी उपग्रह आमच्यावरून तीनदा जाणार होता.

परावर्तक नारायणगावला एका वेल्डिंगवाल्याने बनवले. पाणी साचू नये म्हणून तळाच्या टोकाला एक भोक ठेवायला सांगितलं. वर न्यायला वाहन मिळेना. वाडीतला एकजण बेल्ह्याच्या बाजारात बैल घ्यायला जाणार होता, त्याच्याच टेम्पोत जागा मिळेल म्हणाला, म्हणून मी पत्रे घेऊन बेल्ह्याला गेलो. दोन व्यापाऱ्यांनी मला पत्र्याचा भाव विचारला आणि एकाने हे गव्हाणीला लई लहान पडतंय असं मत दिलं. मी मात्र सौदे बघत उभा होतो. बैलाचा सौदा तिथे तोंडाने होत नाही. घेणारा आणि विकणारा रुमालाखाली हातात हात घालतात आणि बोटं दाबून बोलतात. बोटं किती दाबली ते कळतं. ती शेकड्याची की हजाराची, ते बैलाकडे बघून ज्याचं त्याने समजायचं.

मला हसू फुटलं, कारण आमचं रडार तंतोतंत असंच बोलतं. लहर खाली जाऊन वर येते तेव्हा शेवटची लहर किती उरली, अर्धी की पाव, एवढंच ते बोट दाबून सांगतं. वाटेत पूर्ण लहरी किती झाल्या, लाख की कोटी, ते कधीच सांगत नाही. ते आपण जमिनीकडे बघून समजायचं. साहेबांनी ह्याच गोष्टीवर चाळीस पारदर्शिका केल्या होत्या. एका रुमालात काम झालं असतं.

टेम्पोत बैल, बैलाचा नवा मालक, मी आणि दोन परावर्तक असे वर गेलो. बैलाला चकाकत्या पत्र्यात दुसरा बैल दिसला. वाटभर त्याने त्याच्यावरचे डोळे हटवले नाहीत.

बसवताना वाडी जमली. पत्र्याचं तोंड पूर्वेला, किंचित दक्षिणेकडे, आणि वर, कारण उपग्रह सकाळी त्या बाजूने जातो. होकायंत्राने कोन लावले, दगड रचले, आणि हात लावू नका असं बजावलं. हे काय मोजतं म्हणून मावशींनी विचारलं. मी म्हणालो, फेज मोजतं.

“थ्री फेज का?” त्यांनी विचारलं. मग माझा चेहरा बघून म्हणाल्या, “न्हाई, आमाला सिंगल बी चालंल. मोटर ल्हानगीच हाय.”

जानेवारीची टेप आली आणि चित्र उतरू लागलं. करडा कातळ, करडा उतार, करडी वाडी, आणि त्या करड्यात एकाएकी दोन पांढरेशुभ्र ठिपके. शेजारी शेजारी. मी ओरडलोच. बाहेरच्या टायपिस्ट बाई काय झालं म्हणून आत आल्या. मी त्यांना दाखवलं की हा इकडचा पत्रा आणि हा तिकडचा, आणि मधे भेग. त्यांनी विचारलं, “एवढंच?” एवढंच. बैलाच्या टेम्पोतून नेलेला पत्रा आठशे किलोमीटरवरून दिसत होता, एवढंच.

फेब्रुवारीच्या चित्रात एकच ठिपका होता.

मी टेप पुन्हा चालवली. पुन्हा एकच. अलीकडचा चमकत होता, पलीकडच्या जागी नुसता करडा उतार. उतार ढासळून पत्राच गाडला गेला की काय? म्हणजे साहेबांचं खरं, आणि माझा खड्डा खोटा? दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या गाडीने निघालो आणि घाटघरहून जवळजवळ पळत चढलो.

पत्रा जागेवर होता. उतार जागेवर होता. फक्त पत्र्याचं तोंड पूर्वेऐवजी बरोबर दक्षिणेला होतं, दगड नीट रचलेले, वर घट्ट तार बांधलेली. माझ्यापेक्षा चांगलं काम होतं.

मावशींना विचारलं तर त्या पदराशी चाळा करू लागल्या. मी कधी त्यांना शब्द शोधताना पाहिलं नव्हतं. जावई आले होते, एवढं त्या म्हणाल्या. सणाला लेकीला घेऊन आले होते. जावयांचं नारायणगावला टीव्ही दुरुस्तीचं दुकान, ॲण्टेना बसवण्यात त्यांचा हातखंडा. त्यांनी पत्रे पाहिले आणि ह्या छत्र्या चुकीच्या तोंडाने लावल्यात असं निदान केलं. सगळ्या जुन्नर तालुक्यात टीव्हीचा ॲण्टेना सिंहगडाकडे तोंड करून लावतात, चित्र तिकडूनच येतं. एक फिरवून झाला आणि जेवायची हाक आली म्हणून दुसरा वाचला.

“तुमी त्यांना सांगितलं नाही, हात लावू नका म्हणून?” मी विचारलं. माझ्या तोंडीही आता ‘तुमी’ येऊ लागलं होतं.

“जावयाला?” मावशी म्हणाल्या. त्या एका शब्दात उत्तर पुरतं आलं होतं. जमिनीत फॉल्ट असू शकतो, सरकारात असू शकतो, जावयात नसतो. “पावणं लई हौसेनं करत व्हतं. मी म्हनलं, भाऊ येतील तवा बघतील.”

जावई नेमके त्या दिवशी लेकीला न्यायला पुन्हा आले होते. बोलावल्यावर आले, माझं होकायंत्र हातात घेऊन पाहिलं, आणि माझ्या पत्र्याबद्दल त्यांचं मत सौम्य शब्दांत सांगितलं. “राव, ती खोडदकडं बघा केवढ्या मोठ्या मोठ्या छत्र्या लावल्यात. पर एकीवर बी पिक्चर लागत न्हाई. तुमच्या सायेब लोकांना दिशाच कळत न्हाई.” खोडदच्या छत्र्या म्हणजे ताऱ्यांचा रेडिओ ऐकणाऱ्या दुर्बिणी, हे मी सोडून दिलं आणि म्हणालो, आमचं स्टेशन पूर्वेला आहे आणि ते महिन्यातून एकदाच लागतं. हे त्यांना पटलं. असली स्टेशनं त्यांनी पाहिली होती. मग त्यांनीच पत्रा परत फिरवला, माझा कोन बरोबर आला की नाही ते दोनदा तपासायला लावलं, आणि जाताना सासूबाईंना बजावलं की ह्याला कुणी हात लावायचा नाही. मावशींनी पदर सावरून बरं म्हटलं. माझ्याकडे बघून डोळा मिचकावला असं मी म्हणणार नाही, पण काहीतरी केलं.

आता उरली मार्चची एकच फेरी, बैठकीच्या थोडी आधी. त्या दिवशी सकाळी मी वाडीतच होतो. उपग्रह डोळ्यांना दिसत नाही, ऐकूही येत नाही. तरी ती वेळ आली तशी मावशींनी कोंबड्या पत्र्यापासून हाकलल्या, गिरणीवरची माळ सारखी केली आणि हात जोडून पूर्वेकडे बघत उभ्या राहिल्या. मीही बघत राहिलो. माझी श्रद्धा कक्षेच्या गणितावर होती. उभे मात्र दोघेही सारखेच होतो.

टेप पोस्टाने आली असती तर बैठक होऊन गेली असती. मी स्वतः हैदराबादला जाऊन ती मांडीवर घेऊन आलो. चित्र उतरलं. दोन ठिपके. जानेवारीचा फरक आणि मार्चचा फरक समोरासमोर मांडला, आणि आकडे बघून मी पुन्हा ओरडलो. ह्या वेळी टायपिस्ट बाई आल्या नाहीत. दोन पत्र्यांतला फरक होता तिथेच होता. मधे जी हालचाल दिसत होती ती यंत्राच्या चुकीत मावेल इतकी, दोन-तीन मिलिमीटरची. आणि दोन्ही पत्रे धरून आजूबाजूचा सगळा डोंगर एकदम, उंचीप्रमाणे, रंग बदलत होता. जमीन नव्हे, हवा. आहुप्याच्या कड्यावरही तेच.

दोन महिन्यांत काही हललं नाही म्हणजे कधीच हलणार नाही, असं मी बैठकीत म्हणालो नाही. दोन महिन्यांत हललं नाही, आणि भेग मातीतच संपते, कातळात जात नाही, असं म्हणालो. साहेबांनी माझ्यानंतर बोलताना उपग्रहाने वाडीला अभय दिल्याचं जाहीर केलं. फॉल्ट जाहीर करताना जेवढा आवाज होता तेवढाच तो काढून घेतानाही होता, ह्याबद्दल मी त्यांना मानतो. त्यांना पुन्हा शाल मिळाली. पंखा पुन्हा चालू होता, म्हणून समई ह्या वेळी ठेवलीच नव्हती.

पुढे काही वर्षांनी इराणमधल्या एका जुन्या शहराखाली जमीन फाटली, आणि तिचं रडारचित्र आमच्या पडद्यावर आलं. चार पाकळ्यांसारखे पट्टे, इतके रेखीव की मी नकळत खुर्चीवरून उठलो. मग खाली मातीच्या विटांचं सपाट झालेलं शहर दिसलं आणि मी बसलो. खरा फॉल्ट कसा दिसतो ते मला त्या दिवशी कळलं. तो डोंगराची उंची विचारत नाही. घाटघरच्या वर जे दिसलं ते त्याच्यापुढे नुसती वाफ होती, आणि तसंच असावं म्हणून मी किती जिवाच्या आकांताने धावलो होतो तेही कळलं.

पण हे नंतरचं. बैठकीनंतर खांब उभे राहिले. मी श्रावणात पत्रे उतरवायला वर गेलो तेव्हा चढावरच धुक्यातून तारा दिसल्या, आणि वर ओट्यावर गिरणी, गोणपाटातून बाहेर आलेली. अलीकडचा पत्रा जागेवर नव्हता. तो गिरणीच्या डोक्यावर उलटा बसवला होता, टोक खाली, तोंड आभाळाकडे. पाणी जाण्यासाठी ठेवलेलं भोक आता गिरणीत दाणे पडायला होतं. मावशी म्हणाल्या, जावयांनी बसवून दिला, आणि तोंड कुणीकडं करायचं ह्याची ह्या वेळी अडचणच आली नाही. मी नेणार आहे का म्हणून त्यांनी विचारलं. मी म्हणालो, माझं काम झालंय.

मात्र गिरणी बंद होती. पाट्या, डबे, दळणाच्या पिशव्या ओट्यावर ओळीने मांडलेल्या, आणि मावशी पिठाने पांढरे झालेले हात मांडीवर ठेवून बसलेल्या. मला वाटलं काही बिघडलं.

“कायबी न्हाई बिघडलं,” त्या म्हणाल्या. तारांकडे, खांबांकडे, खाली घाटघरपर्यंत नजर फिरवून आणली. “कालधरनं फॉल्ट हाय.”

वायरमनला निरोप गेला होता. तो येईपर्यंत त्यांनी मला चहा केला. वाडीत दुसरं कुणी दळण घेऊन आलं की त्या पुन्हा तेच सांगत. आमच्याकडं फॉल्ट हाय. लाईटवाल्या घाटघरच्या बाया जशा सांगायच्या, अगदी तशा, कंटाळलेल्या आवाजात.